चार्जर दिसतोय, पण चालू आहे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दोन अंकांपूर्वी इलेक्ट्रिक गाडीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बहुतेक सगळे गाडीबद्दल नव्हतेच, चार्जिंगबद्दल होते. गाडी आवडते, खर्च पटतो, पण वाटेत चार्ज कुठं करायची ही भीती जात नाही. ती भीती खोटी नाहीये. मी स्वतः पाच वर्षं साधारण तीस युनिट बॅटरीची जुनी इलेक्ट्रिक गाडी चालवतोय, पुण्यात राहतो, त्यामुळे जे सांगतोय ते चालवून सांगतोय. सगळ्या पत्रांना जागा नाही, ज्यात पुष्कळांचा प्रश्न आला ती घेतलीत.

मी कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. रोज जाऊन-येऊन 46 किमी होतात आणि महिन्यातून एकदा पुण्याला माहेरी जाते. पेपरात वाचते की देशात हजारो चार्जिंग स्टेशन झाली, मग माझ्या भावाला सातारच्या पुढं दोन ठिकाणी बंद मशीन का मिळालं? गाडी घेऊ का थांबू?

ताई, तुमचा भाऊ खरं बोलतोय आणि पेपरही खरं लिहितोय, घोळ मधल्या फरकात आहे. सरकारी आकडा असा की डिसेंबर 2024 पर्यंत देशात 25,202 सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती, त्यात कर्नाटक पहिलं 5,765 आणि महाराष्ट्र दुसरा 3,728. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मानाने ही वाढ मोठीच आहे, नाकारायचं काही कारण नाही. पण या आकड्यात स्लो, फास्ट सगळं आलं, मॉलच्या बेसमेंटमधला पॉइंट आला आणि हायवेवरचं मशीनही आलं. मशीन बसवलं त्या दिवशी ते मोजलं जातं, पण आज संध्याकाळी सात वाजता तुम्ही 12 टक्क्यांवर पोचाल तेव्हा त्याचा दिवा हिरवा आहे का हे तो आकडा सांगत नाही. मला विचाराल तर आपल्याकडे चार्जिंगचा खरा प्रश्न हाच आहे, संख्या आता बऱ्यापैकी होत आलीय, भरवसा अजून व्हायचाय.

माझाच अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून निघून कराडजवळ एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जरवर पोचलो तेव्हा 14 टक्के उरले होते, बरोबर आई होती. अॅपमध्ये मशीन चालू दाखवत होतं, समोर स्क्रीन काळी. हेल्पलाइनला फोन लावला तर तिकडून सांगितलं की आमच्याकडे ऑनलाइन दिसतंय, तुम्ही पुन्हा गन (गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) लावून बघा, असं चार वेळा झालं. शेवटी हॉटेलच्या वॉचमनने आत विचारून किचनमागच्या पंधरा अँपच्या पॉइंटवर गाडी लावू दिली आणि आम्ही साडेतीन तास बसून पुढच्या मशीनपर्यंत पुरेल एवढं भरून घेतलं. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, आईला खुर्ची आणून दिली, ते मी विसरणार नाही. पण प्रवास असा कुणाच्या चांगुलपणावर चालायला नको ना.

आता तुमचं. रोजचे 46 किमी म्हणजे साधारण सात युनिट, घरच्या पंधरा अँपच्या पॉइंटवर अडीच तासात परत भरतात. म्हणजे महिन्यातले 29 दिवस तुम्हाला बाहेरच्या चार्जरचं तोंडसुद्धा बघायचं नाही. राहिली पुण्याची एक फेरी, एका बाजूला सव्वादोनशे-अडीचशे किमी. आता 40-45 युनिट बॅटरीच्या गाड्या सहज मिळतात, त्यात सकाळी पूर्ण भरून निघालात तर वाटेत एकदा अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल. त्या एका थांब्यासाठी नियम एकच ठेवा: 30 टक्के असतानाच थांबायचं, 10 वर जाऊन नाही, म्हणजे पहिलं मशीन बंद निघालं तरी दुसरं गाठता येतं. आणि जिथं थांबणार तिथं दोन तरी गन असाव्यात, एकट्या मशीनच्या भरवशावर जाऊ नका. माझं मत, घ्या गाडी. घरी पार्किंगमध्ये पॉइंट नसता तर मी थांबा म्हटलं असतं.

ठाण्यात 84 फ्लॅटची सोसायटी आहे. माझ्या स्वतःच्या पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून पॉइंट घ्यायचाय. कमिटी म्हणते आग लागेल, लोड वाढेल, आणि एकाला दिलं तर सगळे मागतील. एनओसी सहा महिने अडकलीय.

या विषयावर सगळ्यात जास्त पत्रं आलीत, मुंबई, ठाणे, पिंपरी, नाशिक, सगळीकडून. लोक सार्वजनिक चार्जर शोधत फिरतात त्याचं एक मोठं कारण घराखालचा पॉइंट मिळत नाही हे आहे, आणि हायवेच्या मशीनवर जी गर्दी दिसते त्यातही शहरातले असे बिनपॉइंटचे लोक असतात.

कायद्याचं आधी. केंद्राच्या वीज मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं की मालक आपल्या घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्या वीज जोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. 2024 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यात ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायची सोय आली आणि नवी जोडणी द्यायची मुदतही कमी झाली, महानगरात 3 दिवस, इतर नगरपालिका हद्दीत 7 आणि खेड्यात 15. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात नव्या रहिवासी इमारतींचं सगळं पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलंय. तुमची इमारत जुनी, म्हणून भांडण एनओसीवर येऊन थांबतं.

पण कायद्याचा कागद घेऊन कमिटीपुढं गेलात तर ते अजून ताठ होतील, मी हे दोन सोसायट्यांत बघितलंय. लोडचा हिशेब घेऊन जा. एक गाडी पंधरा अँपवर 3.3 किलोवॅट घेते, म्हणजे दोन गिझरपेक्षा कमी. शहरातली गाडी दिवसाला 40 किमी चालते असं धरलं तर तिला सहाएक युनिट लागतात, दोन तासांचं काम. सहा गाड्या एकाच वेळी लागल्या तरी 20 किलोवॅट, आणि त्या एकाच वेळी लावायची गरजही नाही, रात्री 11 ते सकाळी 6 सात तास मोकळे असतात. 84 फ्लॅटच्या इमारतीला हे झेपतं का हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी घ्या. आगीबद्दल कमिटीची काळजी मी उडवून लावणार नाही, इमारतीत माणसं राहतात. पण धोका वाढतो तो एक्स्टेन्शन बोर्ड, बारीक वायर, ढिला सॉकेट यांनी. मीटर रूमपासून वेगळी 4 किंवा 6 स्क्वेअर एमएमची कॉपर केबल, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हे सगळं लेखी लिहून द्या आणि खर्च माझा हेही लिहा. बहुतेक ठिकाणी गाडी इथंच पुढं सरकते.

आणि एकाला दिलं तर सगळे मागतील, हो मागतीलच, दहा वर्षांत पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या इलेक्ट्रिक असतील असं मला वाटतं. म्हणून एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, ठराव आणा की सोसायटीच्या नावाने चार्जिंगचं वेगळं मीटर घ्यायचं आणि दोन-तीन सामायिक पॉइंट करायचे. पुढं जो नवा गाडी घेईल त्याला तुमच्यासारखे सहा महिने घालवावे लागणार नाहीत.

सांगलीत माझ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे. पेट्रोल पंपावर एवढं मोठं चार्जिंग मशीन बसलंय, त्यावर माझी स्कूटर का चार्ज होत नाही? मॅपमध्ये तर चार्जिंग स्टेशन दाखवतं.

ते मशीन कारचं आहे दादा. कारची बॅटरी साधारण 300 ते 400 व्होल्टची, बहुतेक स्कूटरची 50 च्या आसपास, त्यामुळे नुसती गन बसत नाही एवढाच मुद्दा नाहीये, आतली वीजच वेगळी आहे.

गनचा इतिहासही जरा गुंत्याचा आहे. सुरुवातीला सरकारने भारत एसी (घरातल्यासारखी वीज, हळू भरणारं) आणि भारत डीसी (थेट बॅटरीत वीज देणारं, जलद) असे साधे प्रकार आणले, त्यातलं डीसी 15 किलोवॅटचं, ई-व्हेरिटो आणि जुन्या टिगोरसारख्या गाड्यांसाठी. मग मोठ्या बॅटरीच्या कार आल्या आणि त्या सगळ्या सीसीएस-2 नावाच्या गनवर गेल्या. आज कार घेतली तर फास्ट चार्जिंगला हीच गन, त्यामुळे कारवाल्यांचा गोंधळ जवळपास मिटलाय, मात्र जुनी मशीन मॅपवर अजून दिसतात आणि माणूस तिथं जाऊन फसतो. मॅपवर पिन दिसली की आधी आत जाऊन गनचं नाव वाचायचं, ही सवय कारवाल्यांनीही लावून घ्या.

स्कूटरचं मात्र अजून एक घराणं झालेलं नाही. एथरने 2021 मध्ये आपली गन सगळ्या कंपन्यांना खुली केली, 2023 मध्ये त्यावर भारतीय मानकाचा शिक्का बसला आणि त्याच वर्षाच्या शेवटी एथर आणि हीरोच्या विडा या स्कूटर ब्रँडने एकमेकांचे चार्जर वापरू द्यायला सुरुवात केली. हे फार चांगलं झालं, बाकीच्यांनीही यावं असं मला मनापासून वाटतं, कारण या देशात इलेक्ट्रिक म्हणजे आधी दुचाकी आणि रिक्षा, कार नंतर. तुमची स्कूटर या दोनपैकी नसेल तर कंपनीच्या अॅपमध्ये जवळचा चार्जर बघा, नाहीतर सरळ पंधरा अँपचा पॉइंट शोधा. स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटची असते, मिरजेला पाहुण्यांकडे जेवायला बसलात तेवढ्यात निम्मी भरते. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 72,300 चार्जरचं लक्ष्य आहे त्यातले 48,400 दुचाकी-तिचाकीसाठी ठेवलेत, ते खरंच गल्लीबोळात आले तर तुमच्यासारख्यांचा प्रश्न सुटेल.

वय 68, निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक. माझ्या फोनमध्ये चार्जिंगची सात अॅप झालीत. प्रत्येकात शंभर-दोनशे रुपये अडकलेत. पेट्रोल पंपावर जसे पैसे दिले आणि निघालो तसं इथं का होत नाही?

काका, तुमचा राग अगदी बरोबर आहे. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, झिऑन, जिओ-बीपी, तेल कंपन्यांची वेगळी, महावितरणचं पॉवरअप वेगळं, प्रत्येकाचं स्वतःचं वॉलेट. पंपावर माणूस उभा असतो, इथं माणूस नाही, म्हणून मशीनला तुम्ही कोण आणि पैसे आहेत का हे फोनवरूनच कळतं, इथपर्यंत ठीक. पण वॉलेटमध्ये आधी पैसे भरून घ्यायची सक्ती कशाला? आपल्या देशात पाच रुपयाची कोथिंबीर यूपीआयवर मिळते, मग चार्जरवर क्यूआर लावून घेतलेल्या युनिटचेच पैसे का घेता येऊ नयेत. काही कंपन्यांनी ही सोय दिलीय, सगळ्यांनी द्यायला हवी.

केंद्र सरकारने 2025 मध्ये सगळ्या चार्जरसाठी एकच अॅप करायचं काम भेल या सरकारी कंपनीकडे दिलंय, त्यात मशीन शोधणं, नंबर लावणं, पैसे देणं आणि मशीन आत्ता चालू आहे का ते दिसणं, हे सगळं एकत्र असेल असं म्हटलंय. मला त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तोवर असं करा. नाशिक-मुंबई आणि नाशिक-पुणे या तुमच्या दोन रस्त्यांवर ज्यांची मशीन जास्त आहेत ती दोनच अॅप ठेवा, बाकीच्यांतले पैसे परत मागा, अॅपमध्ये रिफंडचा पर्याय असतो, नसेल तर मेल करा आणि तारीख लिहून ठेवा. निघायच्या आधी अॅपमध्ये त्या मशीनवर शेवटचं चार्जिंग कधी झालं आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. आज सकाळी कुणीतरी भरलंय म्हणजे मशीन चालू आहे, यापेक्षा पक्की खूण मला अजून सापडलेली नाही. आणि तुम्ही भरलंत की तुम्हीही दोन ओळी लिहा, चालू होतं, बंद होतं, टॉयलेट आहे, पाटी दिसत नाही, जे असेल ते. मागून येणारा माणूस त्यावरच ठरवणार आहे.

घरी युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं, बाहेर वीस-बावीस का? ही लूट नाही का? (असं विचारणारी पाच पत्रं) आणि त्याच्याच बरोबर सातारा जिल्ह्यातून हायवेलगतच्या एका हॉटेलमालकांचं पत्र: जागा माझी आहे, चार्जर बसवू का, परवडेल का?

ही दोन्ही पत्रं मुद्दाम शेजारी ठेवलीत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

बाहेरचा दर ठिकाणानुसार 18 ते 25 च्या घरात असतो आणि चार्जिंगवर 18 टक्के जीएसटी आहे, कुठं तो दरात धरून लिहितात कुठं बिलात वेगळा दिसतो. गाडी घेताना जीएसटी 5 टक्के आणि तीच गाडी बाहेर चार्ज करताना 18, हे मला पटत नाही, कमी व्हायला हवा. पण बाकीचा फरक लुटीचा नाहीये. 60 किलोवॅटचं मशीन दिवसभर पूर्ण चाललं तर 1,440 युनिट विकू शकतं. प्रत्यक्षात दिवसाला दहा गाड्या आल्या आणि प्रत्येकीने वीस युनिट घेतले तर झाले 200, म्हणजे सातातला एक भाग. मशीनची किंमत, केबल, जागेचं भाडं, वीज कंपनीचा महिन्याचा स्थिर आकार, हे सगळं त्या 200 युनिटवर चढतं. गाडी आली नाही तरी स्थिर आकार येतोच. म्हणून जिथं गर्दी कमी तिथं मालकाला मशीन दुरुस्त करायचाही उत्साह राहत नाही, आणि बंद मशीन दिसलं की गाडीवाले तिकडं फिरकत नाहीत, मग गर्दी अजून कमी. ताईंच्या भावाला सातारच्या पुढं जे झालं त्याच्यामागं बऱ्याचदा हे चक्र असतं.

यात एक चांगली गोष्ट होऊ घातलीय. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की चार्जिंग स्टेशनला दिली जाणारी वीज सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत वीज पुरवण्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट दराने द्यावी आणि बाकी वेळी 1.3 पट, कारण दुपारी सौर वीज भरपूर असते. दर शेवटी राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, पण दिशा कळते. प्रवासाला निघणाऱ्यांनी थांबा दुपारच्या जेवणाला घ्यायची सवय लावली तर पुढं दोघांचाही फायदा आहे.

आता हॉटेलवाले दादा, तुमचं. लायसन्स लागतं का, नाही. चार्जिंग म्हणजे वीज विकणं नाही, ती सेवा आहे, हे वीज मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं आणि तिथूनच हे क्षेत्र खुलं झालं, नाहीतर वीज कंपनी सोडून कुणालाच मशीन लावता आलं नसतं. सरकारी पैसा कुठं गेला हेही पुष्कळजण विचारतात, तर फेम-2 या केंद्राच्या आधीच्या ईव्ही योजनेतून मार्च 2023 मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना 7,432 फास्ट चार्जरसाठी 800 कोटी मंजूर झाले, म्हणून पंपांवर एवढी मशीन दिसतात. पीएम ई-ड्राइव्हमध्ये चार्जिंगसाठी 2,000 कोटी आहेत. पण हे पैसे तुमच्या खात्यात येणार असं धरून हिशेब मांडू नका.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी 60 चं मशीन घेतलं नसतं. आधी पार्किंगमध्ये सावलीत तीन-चार पंधरा अँपचे पक्के पॉइंट आणि एक 7 किलोवॅटचा एसी चार्जर लावा, खर्च आवाक्यातला आहे, वर बोर्ड लावा आणि अॅपवर जागा टाका. रात्री मुक्कामाला खोल्या असतील तर त्याला लगेच गिऱ्हाईक आहे. सहा महिने गाड्या मोजा. मग एखाद्या चार्जिंग कंपनीशी बोला, बहुतेकदा जागा तुमची, मशीन त्यांचं आणि युनिटमागे हिस्सा अशी बोलणी होते. करारात मशीन बंद पडलं तर किती तासांत दुरुस्त करणार हे नक्की लिहून घ्या, हे कलम नसेल तर सही करू नका, कारण लोक शिव्या कंपनीला नाही तुमच्या हॉटेलला घालतील. 60 च्या मशीनला दोन गन असल्या तरी दोन गाड्या लागल्या की 30-30 वाटून मिळतात हेही समजून घ्या. तुमच्या भागातली डीपी (वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर) ते पेलेल का, का नवीन बसवावी लागेल, हे महावितरणच्या ऑफिसात आधी विचारा, कारण मशीनपेक्षा तिथला खर्च कधीकधी जास्त येतो. आणि टॉयलेट स्वच्छ ठेवा. मी खरंच सांगतो, मी दहा किमी पुढचं मशीन निवडतो ते बायकामाणसांना नीट टॉयलेट मिळावं म्हणून, पंपाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं फास्ट मशीन सोडून.

नागपूरहून मुंबईला समृद्धीने इलेक्ट्रिक कारने यावं का? उन्हाळ्यात येतो, मुलं बरोबर.

यावं. समृद्धी 701 किमी आहे, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 पासून पूर्ण रस्ता खुला आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, अटल सेतूवर ती ऑगस्ट 2025 मध्ये लागू झाली. फास्टॅगचे मेसेज मात्र तपासत राहा.

या रस्त्यावर बॅटरी खातो तो वेग. सरळ, मोकळा रस्ता, काटा 120 वर कधी जातो कळत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 90 ऐवजी 110 ने गेलात तर प्रत्येक किलोमीटरला हवा कापायला जवळपास दीडपट वीज लागते. शहरात 300 किमी देणारी गाडी इथं 220 वर येऊ शकते, आणि गाडी बिघडली समजून लोक घाबरतात. 90 ने या, एक थांबा वाचतो. इंटरचेंज लांब लांब आहेत, त्यामुळे वर कोल्हापूरच्या ताईंना सांगितलेलं टक्क्याचं गणित इथं अजून काटेकोर ठेवा, 35 ला थांबायचं. जालना, संभाजीनगर, शिर्डी या शहरांजवळ खाली उतरून भरायची तयारी ठेवा, मुलांना जेवायलाही तिथंच बरं मिळतं.

उन्हाळ्यात दुपारी बॅटरी तापलेली असली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, मशीनवर 60 लिहिलंय आणि आत 28 जातंय असं दिसेल, दोष मशीनचा नसतो. पहाटे निघा. आणि 80 टक्क्यांला गन काढा, त्यापुढं वीज फार हळू जाते, शेवटच्या 20 टक्क्यांना कधीकधी आधीच्या 60 एवढा वेळ लागतो आणि मागं कुणीतरी लेकरंबाळं घेऊन उभं असतं.

बोरघाट चढताना बॅटरी संपते का? आणि पावसात चार्ज करताना शॉक बसतो का? (पनवेल)

दोन्हीचं उत्तर नाही. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटर, माणसांसह 1,700 किलोची गाडी तेवढी वर न्यायला हिशेबाने अडीच युनिट लागतात, तोटा धरून तीन. तेवढे जास्तीचे धरून निघा, उतरताना त्यातले बरेच परत येतात. पावसाचं म्हणाल तर गन नीट लॉक होऊन गाडी आणि मशीन यांचं आपसात बोलणं होईपर्यंत त्यात वीज येतच नाही. चार्जरवर छप्पर असावं हे मात्र खरं, ते विजेसाठी नाही, भिजत उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

आम्ही मुंबईला, गाव सिंधुदुर्गात. गणपतीला नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन जायचंय. वडील म्हणतात घरी येऊन लाव, वाटेत कशाला थांबतोस. जुन्या घराच्या वायरिंगवर चालेल का?

वाटेत थांबावं लागेलच, पाचशेच्या आसपास किमी एका दमात होणार नाहीत, आणि गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत मुंबई-गोवा हायवेवर पेट्रोल पंपाला रांग असते तशी चार्जरलाही असणार. जमलं तर एक दिवस आधी रात्री निघा किंवा चिपळूण-रत्नागिरीकडे मुक्काम करा जिथं रात्रभर एसी चार्जर मिळेल. मशीन निवडताना एक मुख्य आणि एक राखीव असं कागदावर लिहून घ्या, घाटात आणि काही वळणांवर रेंज जाते आणि अॅप उघडतच नाही.

घरचं म्हणाल तर वडिलांचं बरोबर आहे, गावचं घर हाच सगळ्यात चांगला चार्जर. पण जुन्या कोकणी घरात अडचण वायरपेक्षा अर्थिंगची निघते. घरात अर्थिंग नसेल किंवा नावापुरतं असेल तर गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जच करत नाही. तो बिघाड नाही, तो तुम्हाला वाचवतोय, कुणी सांगितलं म्हणून अर्थिंगची पिन बाजूला करून जुगाड करू नका, घरात लहान मुलं आहेत. मीटरपासून पडवीपर्यंत वेगळी वायर, एक एमसीबी आणि अंगणात अर्थिंगचा नीट खड्डा एवढं करून घ्या. जांभ्या दगडाची जमीन असेल तर खड्डा खोल लागतो आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं लागतं, हे वडिलांना सांगून ठेवा. संध्याकाळी आरतीच्या वेळी सगळ्या वाडीत दिवे, मिक्सर, पंप चालू असतात आणि व्होल्टेज पडतं, तेव्हा गाडी लावू नका, रात्री अकरानंतर लावा, सकाळपर्यंत गाडी तयार असते. आणि वायरमनला श्रावणातच बोलवा, गणपतीच्या आठवड्यात सगळ्या घरांतून लायटिंगची कामं निघतात, तेव्हा तो मिळत नाही.